पाणी रस्त्यावर येण्याआधी : निचरा प्रकल्पाच्या नोंदी

४ मार्च

कागदावर प्रकल्पाचं नाव 'स्मार्ट निचरा व्यवस्था' असं पडलं आहे. पहिल्या बैठकीचा बहुतेक वेळ नियंत्रण कक्षातल्या भिंतभर पडद्यावर गेला. नकाशा कुठे, आलेख कुठे, लाल रंग केव्हा लावायचा. पाण्याचा विषय उठता उठता निघाला. म्हणून या वहीत आधी पाण्याचा हिशेब.

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० घनमीटर पाणी होतं. डांबर, काँक्रीट आणि छपरांच्या भागात त्यातलं ९० टक्के वाहून येतं असं धरू. चौकाच्या वाहिनीवर १० हेक्टरांचं पाणी येतं. ताशी ५० मिलिमीटर पाऊस असेल तर ते सेकंदाला १.२५ घनमीटर भरतं. खालचा नळ ९०० मिलिमीटर व्यासाचा, उतार ५०० ला १. मॅनिंगच्या सूत्राने (नळाचा आकार, उतार आणि आतला खडबडीतपणा यांवरून प्रवाह काढतात ते) हा नळ अगदी स्वच्छ असला आणि तुडुंब वाहिला तरी सेकंदाला साधारण ०.८ घनमीटर नेतो. उरलेलं पाणी रस्त्यावरच थांबणार. सेन्सर लावून नळाचा व्यास वाढत नाही.

पण ताशी ३० मिलिमीटरच्या पावसाचं पाणी ०.७५ घनमीटर होतं, म्हणजे याच नळात मावायला हवं. तरी तेवढ्या पावसात हा चौक तुंबतो. नळाला झेपायला हवं आणि झेपत नाही, असं जे पाणी आहे तेवढंच या प्रकल्पाचं काम. हे वाक्य इतिवृत्तात घालून घेतलं. त्यावर कुणी हरकत घेतली नाही, बहुधा कुणी वाचलं नसावं.

१० मार्च

जुने नकाशे आणि जमिनीखालची वस्तुस्थिती यांचं फारसं जमत नाही. मॅनहोलची झाकणं डांबराखाली गेलेली, काही ठिकाणी दोन वाहिन्या नकाशात जोडलेल्या पण प्रत्यक्षात एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या. प्रत्येक मॅनहोलची तळपातळी नव्याने मोजायला लावली आहे. तळपातळी चुकली तर पुढचं सगळं संगणकावरचं काम वाया.

उंचीच्या डिजिटल नकाशावरून सखल जागा काढल्या. त्यात एक नेहमीची फसगत असते. विमानातून लेसरने मोजलेल्या नकाशात उड्डाणपूल म्हणजे बांध दिसतो, आणि त्याच्या मागे संगणक भलामोठा तलाव काढून दाखवतो. पूल आणि मोऱ्या हाताने 'कापून' घ्याव्या लागतात.

नंतर हाच नकाशा मुकादमांपुढे ठेवला आणि पाणी कुठे साचतं तिथे पेन्सिलने खुणा करायला सांगितल्या. बहुतेक खुणा जुळल्या. एका ठिकाणी संगणक म्हणतो गुडघाभर पाणी, आणि मुकादम म्हणाले, "साहेब, इथे कधीच थांबत नाही. खाली जुनी दगडी मोरी आहे." मोरी कुठल्याच नकाशात नव्हती. कॅमेरा सोडून पाहिली, चांगली उभा माणूस मावेल एवढी निघाली. आता ती नकाशात आहे आणि संगणकावरच्या प्रारूपातही.

१९ मार्च

सेन्सर कुठला, यावर आठवडाभर खल. तिन्ही प्रकारांचे गुणदोष इथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी नवीन माणूस आला की हाच वाद पुन्हा होणार.

ध्वनिलहरींचा सेन्सर स्वस्त आणि सोपा. वरून आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. पण हवेतला आवाजाचा वेग तापमानावर ठरतो : २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ३५ अंशांना सुमारे ३५२. तापमानाची दुरुस्ती नसेल तर ३ मीटर अंतरावर ८ सेंटीमीटरची तफावत. दुरुस्ती असली तरी सेन्सरमधला तापमापक तापलेल्या लोखंडी झाकणाला चिकटलेला असतो आणि खालची हवा थंड असते. शिवाय तोंडाजवळच्या साधारण २० ते ३० सेंटीमीटरांत त्याला काही दिसत नाही. म्हणजे पाणी झाकणापर्यंत चढलं की आकडा बिघडतो, आणि नेमका तोच आकडा आपल्याला हवा असतो.

दाबाचा सेन्सर तळाशी बुडवून ठेवायचा. १ मीटर पाण्याचा दाब ९.८ किलोपास्कल, हिशेब सरळ. झाकण उडालं तरी तो मोजतच राहतो, हा मोठा फायदा. पण गाळात गाडला गेला की तो गाळाबद्दलच सांगत बसतो. त्याच्या केबलमध्ये हवेच्या दाबासाठी बारीक नळी असते, तिच्या टोकाची ओलावा शोषणारी डबी वेळेवर बदलली नाही तर नळीत पाणी धरतं आणि पातळी हळूहळू सरकते. अशी चूक सहज लक्षात येत नाही.

रडार सेन्सरला वाफ, तापमान, झाकणाखाली धरलेलं दव यांचं फारसं काही वाटत नाही. मात्र त्याचा झोत पसरतो. ८ अंशांचा झोत ३ मीटर खाली साधारण ४२ सेंटीमीटर रुंद होतो आणि मॅनहोलच्या भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवर आपटतो. मग कोरड्या नळातही पाणी 'दिसतं'.

ठरलं ते असं : मुख्य वाहिनीवर रडार, भुयारी मार्गाच्या तळाशी दाबाचा, आणि वरच्या बाजूच्या लहान वाहिन्यांवर ध्वनीचा. भुयारी मार्गात दोन वेगळ्या प्रकारचे सेन्सर लावायचे. तिथे एकाच यंत्राच्या भरवशावर माणसांना सोडायचं नाही.

२ एप्रिल

गाळाचा हिशेब केला. ९०० च्या नळात तळापासून एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ बसला तर छेदाचं क्षेत्रफळ ३० टक्क्यांच्या आतबाहेर घटतं. पण पाणी घासत जाते ती कड त्या मानाने कमी होत नाही, म्हणून वाहण्याची क्षमता जवळपास ४० टक्क्यांनी पडते. ०.८ घनमीटरचा नळ ०.४९ वर येतो. म्हणजे ताशी २० मिलिमीटरच्या पावसाने तो काठावर येईल.

प्रकल्पाचं अर्धं उत्तर या एका गणितात आहे. गाळ नेमका कुठे आणि किती आहे, हे रस्ता न खणता कळलं पाहिजे.

९ एप्रिल

बसवणी सुरू. नियम एकच : कुणीही खाली उतरायचं नाही. सगळे ब्रॅकेट वरूनच, लांब दांड्याच्या पान्याने. झाकण उघडलं की आधी गॅस मापक सोडायचा, मग बाकीचं. गंधकयुक्त वायू तांब्याच्या तारा काळ्या करून खातो, त्यामुळे जोड सगळे राळेत बुडवलेले घेतले.

बिडाच्या झाकणाखालून रेडिओ लहरी नीट बाहेर येत नाहीत. अँटेना झाकणाच्या खाचेत बसवून पाहिली. जड वाहनं गेली की खिळखिळी होते. शेवटी पदपथाच्या कडेला खांब उभा केला आणि केबल चर खोदून नेली. काम दुप्पट, पण संदेश अखंड येतो.

२३ एप्रिल

बॅटरी. लिथियम थायोनिल क्लोराइडचा ३.६ व्होल्टचा मोठा सेल वर्षानुवर्षं टिकतो असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, पण झोपलेल्या यंत्रासाठी. हा सेल बराच काळ निवांत राहिला की आत एक पातळ थर धरतो आणि रेडिओने अचानक जास्त वीज मागितली की क्षणभर व्होल्टेज कोसळतं. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं. कोरड्या महिन्यांनंतर पहिल्या पावसात यंत्र गप्प झालं तर कारण बहुधा हेच. सेलच्या जोडीला कपॅसिटर असलेले संच मागवले.

मोजणीचा वेग : कोरडं असेल तर १५ मिनिटांनी एकदा, पर्जन्यमापक हलला किंवा पातळी चढू लागली की दर मिनिटाला.

६ मे

पर्जन्यमापक बसले. आत दोन छोटी पात्रं असतात. एक भरलं की कलंडतं आणि दुसरं पुढे येतं, प्रत्येक कलंडीला ०.२ मिलिमीटर. ताशी ९० मिलिमीटरच्या पावसात हे दर ८ सेकंदांनी व्हावं लागतं. कलंडण्याच्या क्षणी वरून पडणारं पाणी भरलेल्या पात्रातच सांडतं, मोजलं जात नाही. म्हणजे पाऊस जितका जोराचा, तितका मापक तो कमी दाखवतो. बाटलीने पाणी सोडून प्रत्येकाचा दुरुस्तीचा आलेख काढून घेतला.

एक मापक शाळेच्या गच्चीवर आहे. शिपाईकाकांना नरसाळ्यातली पानं आणि पक्ष्यांची विष्ठा काढायला सांगितलं. त्यांनी विचारलं, "रोज बघू, का पावसाच्या आधी?" रोज, काका.

१५ मे

इशारा कुणाला जाणार, यावरची बैठक. आधीच्या आराखड्यात प्रत्येक इशारा सगळ्यांना जाणार होता : अधिकारी, अभियंते, मुकादम, वाहतूक शाखा, सगळ्यांना. असं केलं की दुसऱ्या पावसापर्यंत सगळे फोन मूक होतात.

आता तीन पायऱ्या. पातळी नळाच्या अर्ध्यावर गेली तर कुणालाही संदेश नाही, फक्त नोंद. नळ भरला आणि पातळी चढतीच आहे, तर त्या भागातल्या मुकादमांना. पाणी झाकणाखाली अर्ध्या मीटरवर आलं, तर नियंत्रण कक्ष आणि वाहतूक शाखा. उतरताना इशारा लगेच मागे घ्यायचा नाही, पातळी २० सेंटीमीटर खाली गेल्यावरच. नाहीतर लाटांबरोबर फोन वाजत राहतो.

संदेशात आकडा नको, काम हवं. "म-७ पातळी २.१४ मी." (म-७ म्हणजे सात क्रमांकाचं मॅनहोल) वाचून पावसात उभा असलेला माणूस काय करणार? "म-७ : खालच्या कोपऱ्यावरच्या दोन जाळ्या उघड्या करा" असा संदेश जाईल. प्रत्येक जागेसाठी मुकादमांकडून वाक्यं लिहून घेतली. हे काम संगणकवाल्यांना किरकोळ वाटलं. मला ते सेन्सरइतकंच मोठं वाटतं.

वेळेचाही अंदाज घेतला. भरलेल्या नळात पाणी सेकंदाला साधारण १.२५ ते १.३ मीटर धावतं. वरच्या मॅनहोलपासून चौक ६०० मीटर. म्हणजे वर पातळी चढल्यापासून खाली पोचायला ८ मिनिटं. तेवढ्यात माणूस जाळीपर्यंत पोचला पाहिजे, म्हणून ढग भरले की माणसं आधीच जागेवर.

२४ मे

प्रारूप एसडब्ल्यूएमएमवर, म्हणजे पावसाचं पाणी वाहिन्यांतून कसं वाहील ते काढणाऱ्या संगणक प्रणालीवर, उभं केलं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची ही प्रणाली १९७१ पासून चालत आली आहे, विनामूल्य आहे आणि तिच्यातले खाचखळगे सगळ्यांना माहीत आहेत. विकत घेतलेल्या चकचकीत साधनापेक्षा हे बरं.

दुपारी चहाच्या वेळी नव्या मुलांनी विचारलं, एवढं केल्यावर शहर सुरक्षित का? त्यांना मुंबईचं २६ जुलै २००५ सांगितलं : सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, तेव्हा तिथल्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या. कोपनहेगनवर २ जुलै २०११ ला ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळला, त्यानंतर त्यांनी ढगफुटीसाठी वेगळा आराखडा केला आणि त्यात काही रस्तेच पाणी वाहून नेण्यासाठी नेमले. आणि चीनमधलं झेंगझोऊ, 'स्पंज शहर' (पावसाचं पाणी शोषून घेणारं) म्हणून काम केलेलं, २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिलिमीटर. तशा पावसात आमच्या सेन्सरचा उपयोग एवढाच की कुठला रस्ता आधी बंद करायचा ते कळेल. पण वर्षातले बहुतेक पाऊस तसले नसतात, आणि रस्ते तरी तुंबतात.

७ जून

पहिला पाऊस. हलका, कुणाच्या लक्षातही राहणार नाही असा. मी मात्र रात्री उशिरापर्यंत आलेख बघत होतो.

प्रत्येक मॅनहोलचा आलेख चढतो आणि उतरतो. चढण्यात फारसं काही कळत नाही. सगळी गोष्ट उतरणीत आहे. निरोगी वाहिनीत पाऊस थांबला की पातळी झटकन पडते आणि तळाला टेकते. म-४ आणि म-५ मध्ये ती निम्म्यापर्यंत पडली आणि तिथे अडून बसली, नंतर कितीतरी वेळ इंच इंच उतरत राहिली. म-६ मध्ये मात्र जवळजवळ काहीच आलं नाही. म्हणजे अडथळा म-५ आणि म-६ च्या मध्ये. रस्त्यावर पाण्याचा थेंब साचलेला नव्हता, कुणाची तक्रार नव्हती, आणि वाहिनी सांगत होती की मोठा पाऊस मला झेपणार नाही.

याच्यासाठीच हे सगळं करायचं. मोठ्या पावसात इशारा मिळून फार काही हाती लागत नाही, त्या वेळी गाडीसुद्धा जागेवर पोचत नाही. लहान पाऊस हीच चाचणी. ती फुकट होते, आणि मोठ्या पावसाच्या बरीच आधी होते.

९ जून

म-५ ते म-६ मध्ये नळातून चालणारा क्रॉलर कॅमेरा सोडला. गाळ नव्हे, घट्ट झालेला सिमेंटचा लगदा. जवळच्या बांधकामावरून मिक्सर धुतलेलं पाणी जाळीत सोडलं जात असणार. जेटिंगने, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने, निघेना, कापणी यंत्र लावावं लागलं. बांधकामाला नोटीस.

१३ जून

पुन्हा तसाच हलका पाऊस. म-५ ची उतरण आता म-३ सारखी सरळ. दोन्ही आलेख एकावर एक ठेवून छापले आणि मुकादमांच्या खोलीत लावले. भिंतभर पडद्यापेक्षा या कागदापुढे जास्त माणसं थांबली.

१९ जून

आज जे दिसलं ते आधीच्या कुठल्याच आराखड्यात नव्हतं. बऱ्यापैकी जोराचा पाऊस, चौकात पाणी साचल्याचे फोन, आणि म-७ चा आलेख म्हणतो नळ पावही भरलेला नाही. नियंत्रण कक्षातल्या मुलाने सेन्सर बिघडला असं नोंदवलं. जाऊन झाकण उघडलं. सेन्सर बरोबर होता. खाली नळ रिकामा, वर रस्ता भरलेला. मधल्या जाळ्यांवर पानं आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा जाड थर, पाणी आत जातच नव्हतं. हाताने थर ओढला तसा भोवरा धरून पाणी आत गेलं.

म्हणजे नळातली पातळी एकटी बघून भागत नाही, ती पावसाशी ताडून बघायची. आज संध्याकाळी नियम लिहिले. पाऊस आहे आणि पातळी चढत नाही : जाळी बंद. पाऊस थांबला आणि पातळी उतरत नाही : पुढे अडथळा किंवा पातमुखावर (वाहिनी नदीला मिळते तिथे) नदीचं पाणी. पाऊस नाही आणि पातळी चढते : कुठून तरी भलतंच पाणी येतं आहे, नळ फुटला किंवा सांडपाणी जोडलं. सेन्सर तेच, फक्त वाचण्याची रीत बदलली आणि त्यांची किंमत किती तरी वाढली.

चौकातल्या वाहतूक कॅमेऱ्याच्या चित्रावरून रस्त्यावरचं पाणी ओळखता येतं का, तेही पाहतो आहोत. चित्रात माणसं आणि वाहनांचे क्रमांक येतात, म्हणून चित्र साठवायचं नाही, जागच्या जागी ओल्या भागाची रुंदी काढून तेवढाच आकडा पुढे पाठवायचा. रात्री ओला डांबरी रस्ता आणि पाणी भरलेला रस्ता कॅमेऱ्याला सारखाच दिसतो. विजेच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी चित्रात दिसेल अशी घेतली, त्यावर काम बरं होतं.

३ जुलै

रात्री नदी चढली. पातमुखावरचं फ्लॅप गेट (फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारं दार) पाण्याच्या दाबाने मिटलं, जे व्हायलाच हवं, पण मग आतलं पाणी फक्त पंपांच्या भरवशावर. पंप फ्लोट स्विचवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या स्विचवर, चालतात, पंपाची विहीर भरली की सुरू. म्हणजे पाऊस कोसळायला लागतो तेव्हा विहीर आधीच अर्धी भरलेली असते. आता नदीची पातळी आणि हवामान रडारवरचा पुढच्या तासाभराचा अंदाज दोन्ही धोक्याचे असतील तर विहीर आधीच तळापर्यंत उपसून ठेवायची, असा क्रम नियंत्रकात घातला.

मध्यरात्री वीज गेली. पंपांना जनित्र आहे. मोबाइल मनोऱ्याला नव्हतं, किंवा होतं आणि चाललं नाही. बराच वेळ एकही संदेश नाही. पंप मात्र चालत राहिले, कारण त्यांचा निर्णय केंद्रातल्या संगणकावर टाकलेला नाही, जागेवरच्या नियंत्रकात आहे. जाळं तुटलं तर जुना फ्लोट स्विच आपोआप ताबा घेतो. आरंभी एका सल्लागाराने हा 'मागासलेला' भाग काढून टाकायला सुचवलं होतं.

१२ जुलै

उद्यानातल्या तलावाची चर्चा. १ हेक्टरचा तलाव, १ मीटर पाणी आधी सोडलं तर १०,००० घनमीटर जागा मोकळी होते. ५० मिलिमीटर पावसात २२ हेक्टरांवरून वाहून येणारं जवळजवळ सगळं पाणी त्यात मावतं. नवीन नळ न घालता एवढी क्षमता मिळत असेल तर विद्युत झडप बसवणं शहाणपणाचं. अमेरिकेत साउथ बेंड शहराने सेन्सर आणि झडपांनी जुन्याच वाहिन्यांतली रिकामी जागा अशी वापरून घेतली आहे. त्यांचा प्रश्न वेगळा, नदीत उतू जाणाऱ्या सांडपाण्याचा, पण युक्ती तीच.

उद्यान विभागाची भीतीही खरी : अंदाज हुकला, पाऊस आलाच नाही, तर मासे आणि कमळं गेली. तोडगा असा की अंदाज पक्का नसेल तर अर्धा मीटरच सोडायचं आणि झडप हळू उघडायची, खालच्या वाहिनीत आधीच पाणी असेल तर मुळीच नाही.

२६ जुलै

दुपारपासून जोराचा पाऊस. दोन मापकांवर तासाचा आकडा ५० च्या पुढे, म्हणजे ४ मार्चच्या हिशेबातला. चौकात पाणी आलंच. म-५ स्वच्छ होता, जाळ्या मोकळ्या होत्या, तरीही आलं, कारण नळ तेवढाच आहे. फरक एवढा की पाऊस ओसरल्यावर ते लगेच उतरलं.

भुयारी मार्गाचं काम चोख झालं. तळाशी पाणी १५ सेंटीमीटर झालं आणि दोन्ही सेन्सर जुळले तसा लाल दिवा लागला, दांडा खाली आला. ३० सेंटीमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते, त्यामुळे त्याच्या निम्म्यावर बंद करायचं ठरवलं होतं. दोघातिघांनी हॉर्न वाजवून दांडा उचलायला सांगितलं. वाहतूक पोलिसांनी उचलला नाही. क्वालालंपूरच्या २००७ मध्ये सुरू झालेल्या ९.७ किलोमीटरच्या बोगद्यातला रस्त्याचा भाग मोठ्या पुराच्या वेळी वाहनांना पूर्ण बंद करून पाण्यासाठी खुला करतात. आधी वाहनं बाहेर, मग पाणी, हा क्रम तिथेही कडक पाळला जातो.

९ ऑगस्ट

म-११ कडून सतत खोटे इशारे. ध्वनीच्या सेन्सरच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. पुसलं. आठवड्याने पुन्हा. तिथे रडार लावायचा.

२२ ऑगस्ट

आढावा बैठकीत पडद्यावर सगळं हिरवं दाखवलं गेलं. सगळ्यांना बरं वाटलं. मी मुकादमांची साफसफाईची यादी पुढे ठेवली. पूर्वी सफाई रस्त्यांच्या क्रमाने व्हायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि कुठला रस्ता कधी झाला हे फाइलमध्ये. आता दर लहान पावसानंतर उतरण आळसावलेल्या वाहिन्या वरच्या क्रमांकावर येतात आणि गाडी तिथे जाते. गाळ काढल्याचा पुरावा म्हणजे वजनाची पावती नाही, पुढच्या पावसातली उतरण. काही कंत्राटदारांना हे आवडलेलं नाही. ज्यांचं काम चांगलं असतं त्यांनी तक्रार केली नाही.

१४ सप्टेंबर

आठवडाभर पाऊस नाही, आणि म-२ मध्ये रोज सकाळी पाणी चढतं, दुपारी उतरतं, संध्याकाळी पुन्हा थोडं चढतं. घराघरांतल्या आंघोळी-भांड्यांची वेळ. सांडपाण्याची वाहिनी पावसाच्या वाहिनीला जोडलेली. १९ जूनचा तिसरा नियम. रंग सोडून पाहिल्यावर इमारतींची रांग सापडली. जोडणी तोडायचं काम आता सांडपाणी विभागाकडे, तिथे फाइल कधी हलेल ते पाहायचं.

५ ऑक्टोबर

हंगाम संपत आला. राहिलेली कामं : दाबाच्या सेन्सरांच्या ओलावा शोषणाऱ्या डब्या बदलणे. पर्जन्यमापकांची दुरुस्ती पुन्हा तपासणे. म-११ ला रडार. चौकातल्या मोजपट्टीचा रंग उडाला आहे, पुन्हा मारणे. प्रारूपात मुख्य वाहिनीचा खडबडीतपणा ०.०१३ धरला होता, पण मोसमभरचे आलेख ०.०१५ च्या जवळ बसतात. तो बदलून सगळे हिशेब पुन्हा चालवणे, त्यात ४ मार्चचाही. ०.०१५ धरला तर ९०० चा नळ ०.७ घनमीटरवर येतो, म्हणजे ताशी ३० मिलिमीटरचं पाणीही त्यात मावत नाही. चौकाला दुसरी वाहिनी मागायची तर पत्रात हाच आकडा घालायचा, आणि सोबत म-७ चे २६ जुलैचे आलेख जोडायचे.